वीस इंच रुंद, अडीच इंच उंच

सोमवार, ९ नोव्हेंबर १९५३

सकाळी ग्रँड रॅपिड्सहून लॉरी आली. जस्ती पत्रे, चार फूट बाय आठ फूट, चौदा नग, दर तीन डॉलर पंच्याऐंशी सेंट. तेलावरची भट्टी, पंख्यासकट, एक, दोनशे ब्याऐंशी डॉलर. भिंतीत बसवायच्या जाळ्या नऊ, दर एक चाळीस. डाख दोन पौंड. रिव्हेटांचा एक पुडा कमी निघाला, तो लॉरीवाल्याकडून कागदावर लिहून घेतला. तो म्हणाला, "बाई, एका पुड्यासाठी सही कशाला?" मी म्हटलं, एका पुड्यासाठीच, चौदा पत्रे तर समोर दिसताहेत.

या गडबडीत सोमवारचं धुणं अकराला दोरीवर गेलं.

हा माल हर्मानस डेकिंगांच्या घराचा. ते आमच्या चर्चचे पंच. त्यांच्या तळघरातली कोळशाची जुनी भट्टी काढून पंख्याची नवी बसवायची आणि तिथून प्रत्येक खोलीत पत्र्याचे नळ न्यायचे. माझे यजमान बेरेंड म्हणाले, "पंचांचं घर गरम झालं की पाळकांचं घर आणि शाळा आपल्याकडेच येणार." देवाची इच्छा असेल तर, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "देवाची असेलच, हर्मानसची हवी."

बेरेंड पत्र्याच्या कामात मोठे जाणकार. नुसत्या नजरेनं नळाच्या वळणाचा कोपर कापतात आणि तो टाचणीएवढाही चुकत नाही. जुन्या भट्ट्यांना एवढं पुरत होतं, गरम हवा आपली आपण वर जायची. पंख्याच्या भट्टीला हिशेब लागतो. खोलीच्या भिंती आणि खिडक्या मोजायच्या, मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते काढायचं, मग कंपनीच्या पुस्तकातल्या तक्त्यात बोट ठेवून नळ केवढा ते वाचायचं. बेरेंड सहावीतून शेतावर गेले. मी मॅट्रिक, गणितात वर्गात पहिली. म्हणून आकडे मी काढते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भांडी झाल्यावर. गावाला वाटतं बेरेंड काढतात. ते तसंच वाटू द्यायचं, हे आमच्यात कधी न बोलता ठरून गेलं आहे. बायकोनं नवऱ्याचं डोकं व्हावं हे शास्त्रात बसत नाही. पेन्सिल व्हायला हरकत नसावी.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

डेकिंगांच्या आठ खोल्यांचे आकडे झाले. नववी अडली. हर्मानसांची आई वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खोलीत राहते. वय ब्याऐंशी. सगळं गाव तिला ओपू म्हणतं, म्हणजे आमच्या डच बोलीत आजी. तिची खोली उघड्या ओसरीच्या वर आहे, तीन बाजूंनी वारा. तिला मिनिटाला एकशे सत्तर घनफूट हवा हवी, म्हणजे आठ इंची गोल नळ. पण वाटेत खाली कोठीची खोली लागते, आणि तिथं कपाटाच्या वर तीनच इंच जागा आहे. कपाट तोडू का विचारलं तर हर्मानसांच्या पत्नी झ्वान्त्ये म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंसाठी मी पुष्कळ केलंय, कपाट नाही देणार."

म्हणून तिथं नळ चपटा करायचा ठरला. आठ इंची गोल नळाचं तोंड पन्नास चौरस इंच. अडीच इंच उंची धरली तर वीस इंच रुंदी. अडीच गुणिले वीस, पन्नास. चारी बाजूंचा घेर पंचेचाळीस, शिवणीला दीड इंच, म्हणजे चार फुटी पत्र्यात एका तुकड्यात बसतो आणि वाया जाते ती दीड इंचाची पट्टी. इतकं नेटकं उत्तर आलं की दुपारभर बरं वाटत होतं.

कागद न्यायला लुबर्ट आला. लुबर्ट नूर्डहोफ बावीस वर्षं आमच्याकडे पत्रे कापतो आणि जोडतो. एकोणसाठ वर्षांचा, एकटा, एका विधवेकडे खोली घेऊन राहतो. कागद बराच वेळ बघत राहिला.

"फेनाबाई, आठाचा गोल नळ एवढा चपटा केला तर हवा तेवढीच जाईल?"

"तोंड पन्नासचं होतं, पन्नासचंच आहे."

"ओठ चपटे करून सूप ओढलं तर आवाज जास्त येतो आणि पोटात कमी जातं, म्हणून विचारलं. पुस्तकात पाहिलंत?"

"लुबर्ट, पन्नास म्हणजे पन्नास. त्याला पुस्तक कशाला? मी मॅट्रिक आहे."

"मी सातवी नापास," म्हणाला आणि हसला. "कापतो तर मग."

जेवणाआधी डोळे अर्धे उघडे ठेवून प्रार्थना करणाऱ्या माणसाकडून सुपाच्याच गोष्टी यायच्या.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

तक्त्यांच्या पुस्तकाचं एक पान कोणीतरी कोपऱ्यात दुमडून ठेवलं आहे. पुस्तक कंपनीचं, एकच प्रत. बेरेंडना विचारलं, ते म्हणाले मी पुस्तकाला हात लावत नाही हे तुला माहीत आहे. कापडाखाली धरून कोपऱ्यावरून कोमट इस्त्री फिरवली. सरळ झाला, थोडी रेघ राहिली.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

काल उपकारस्मरणाचा दिवस. सकाळची उपासना झाल्यावर डेकिंगांकडे भट्टी पेटवली. झ्वान्त्येंनी अर्धं गाव कॉफीला बोलावलं होतं. स्वयंपाकघरात तर बायका गळ्यापाशी बटणं सोडू लागल्या. पाळकांनी बेरेंडना शाळेच्या इमारतीबद्दल विचारलं. बेरेंड घरी येताना शीळ घालत होते.

वर ओपूंकडे केकचा तुकडा घेऊन गेले. त्या शाल पांघरून खिडकीशी बसल्या होत्या. मी विचारलं, हवा येते ना? म्हणाल्या, "येते हो. मांजरीच्या श्वासाएवढी." म्हातारी माणसं. बाहेर तेव्हा थंडी अशी नव्हतीच.

शनिवार, २ जानेवारी १९५४

नाताळ चांगला गेला. पडशानं हैराण होते म्हणून वही उघडली नाही. पारा शून्याखाली चार. हर्मानस दोनदा आमच्याकडे येऊन गेले. ओपूंच्या खोलीत तांब्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरते आणि कोठीत नळ शिट्टी वाजवतो. बेरेंडनी जाऊन पंख्याचा वेग वाढवला. शिट्टी वाढली, स्वयंपाकघर आणखी तापलं, ओपूंच्या जाळीपाशी हात धरला तर होतं तेच. लुबर्टनं सगळ्या जोडांना पुन्हा पट्ट्या लावल्या. काही फरक नाही.

कोठीतल्या नळाला फूटपट्टी लावून आलो, असं बेरेंड रात्री जेवताना म्हणाले, आणि पुढं काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही, बटाटे करपत होते.

मंगळवार, १२ जानेवारी

शनिवारी ओपूंच्या छातीत कफ भरला. डॉक्टर आले. ओपूंना खाली बैठकीच्या खोलीत आणून निजवलं आहे. ती खोली हिवाळाभर बंद असते, पाळक आले किंवा घरात मयत झाली तरच उघडतात. ओपू खुर्चीतून खाली येताना म्हणाल्या म्हणे, "मी पाळक नाही, तेव्हा मला कशासाठी नेताय ते कळलं."

आज हर्मानस आमच्या स्वयंपाकघरात आले. बेरेंड आणि लुबर्ट टेबलाशी होते, मी कॉफी ओतत होते.

"बेरेंड, शिट्टी वाजते म्हणजे हवा फटीतून जाते. माझ्या आईची हवा कोठीतल्या लोणच्यांना लागतेय. जोड कोणी केले?"

"मी," लुबर्ट म्हणाला.

"घाईत केलेस?"

"घाईत मी फक्त जेवतो."

"थट्टा नको. आई तिकडं धापा टाकतेय."

लुबर्टनं माझ्याकडं पाहिलं. मग कपाकडं पाहिलं. "हात माझेच होते, पंच. दोष असेल तर तो हातांवर घाला."

हर्मानस म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मागच्या बाकावर बसतोस, अजून विश्वासाची कबुली देऊन सभासद झाला नाहीस. तुझे जोडही तसलेच, अर्धवट."

बेरेंड टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत म्हणाले, "लुबर्ट, काही दिवस घरी राहा. हे निवळू दे." लुबर्टनं टोपी घेतली, कप उचलून मोरीत ठेवला आणि गेला. कप त्यानं आधी कधी उचलला नव्हता.

बावीस वर्षांच्या माणसाला असं पाठवताना वाईट वाटलं. पण माझ्याकडं पाहिलं ते डोळे अपराध्याचे होते. निदान त्यानं खोटं सांगितलं नाही.

बुधवार, २० जानेवारी

हे लिहू नये असं वाटतं. पण दुसरीकडे कुठं लिहू?

बेकरीच्या कामाचे आकडे काढत होते. तिथंही एक नळ चपटा करायचा आहे. पुस्तक उघडलं तर आपोआप तेच पान उघडलं, मी इस्त्री केलेलं. वर लिहिलं आहे की तोंडाचं माप सारखं असलं तरी चपटा नळ गोल नळाएवढी हवा नेत नाही, कारण हवा पत्र्याला घासत जाते, आणि चपट्या नळात तेवढ्याच हवेला घासायला पत्रा जास्त असतो. खाली तक्ता. आठ इंची गोल नळ, उंची अडीच धरली तर रुंदी तीस.

मी वीस लिहिली. कारण ती एका पत्र्यात बसत होती आणि गुणाकार बरोबर येत होता. तीसला दुसरा पत्रा कापावा लागला असता.

ओपूंची एक तृतीयांश हवा मी कोठीच्या छताशी अडवली. जोडांत काही नव्हतं. शिट्टी फटीची नव्हती, कोंडलेल्या हवेची होती.

ते पान दुमडलेलं मला नोव्हेंबरमध्येच सापडलं होतं. देवानंच दुमडलं असेल, आणि मी त्यावर इस्त्री फिरवली.

शनिवार, २३ जानेवारी

लुबर्ट गावात नाही. त्याच्या घरमालकिणीनं किराणा दुकानात सांगितलं. तो आयोवात बहिणीकडे गेला, मेहुण्याची डुकरं आहेत, त्यांना खाणं घालतो. झोपायला यंत्रांच्या शेडवरची खोली. ती म्हणाली, "तिकडं काय गरम असणार?" मी यीस्टचे पैसे दिले आणि सुटे न घेताच निघाले, मला हाक मारून दिले.

सोमवार, २५ जानेवारी

काल उपासनेत आणि आज सकाळी गुडघे टेकून देवाजवळ सगळं कबूल केलं. काही गाळलं नाही. फार हलकं वाटलं. तो हलकेपणा बटाटे सोलून होईपर्यंत टिकला.

मनाशी असं ठरवते: बेरेंडचं नाव सांभाळणं हेही माझं कर्तव्य आहे. मी बोलले तर लोक म्हणतील बेरेंड हुकझेमांच्या दुकानात बायको आकडे काढते आणि तेही चुकीचे. शाळेचं काम जाईल. म्हणजे गप्प राहणं स्वतःसाठी नाही, नवऱ्यासाठी. हे वाक्य लिहिल्यावर दोनदा वाचलं. काल हेच देवाला सांगितलं नव्हतं, म्हणजे मलाही ते फारसं पटलेलं नसावं.

डेकिंगांच्या आकड्यांचा कागद दुकानातल्या खिळ्याला टोचलेला असतो, तो पाहायला गेले. कुठं चुकून तीस लिहिलं असेल आणि लुबर्टनं वीस वाचलं असेल, अशी लबाड आशा होती. कागद नाही. मागचे पुढचे सगळे आहेत. बेरेंड म्हणाले, "उंदरांनी खाल्ला असेल."

पिंजरा लावला.

गुरुवार, २८ जानेवारी

पिंजऱ्यात काही नाही. चीज मात्र वाळून गेलं.

सोमवार, १ फेब्रुवारी

येत्या रविवारी प्रभुभोजन. वर्षातून चारदा असतं, आणि त्याआधीच्या रविवारी तयारीचं प्रवचन. काल पाळक म्हणाले, ज्याच्या हातून शेजाऱ्याचं वाईट झालं आहे त्यानं या आठवड्यात त्याच्या दारी जावं, आणि मगच भाकरीच्या ताटाला हात लावावा. दरवर्षी चारदा ऐकते. दरवेळी मनात शेजारणीचं धुणं किंवा जावेचं काही बोलणं येतं आणि मी बुधवारपर्यंत मिटवून टाकते.

शेजारी आयोवात आहे. सहा दिवस आहेत.

बुधवार, ३ फेब्रुवारी

वाटाण्याचं सूप घेऊन ओपूंकडे गेले. ताप उतरला आहे, धाप आहे. बैठकीच्या खोलीत पडदे ओढलेले, वर भिंतीवर मेलेल्यांचे फोटो. त्या म्हणाल्या, "वर माझ्या खिडकीतून मला रस्ता दिसायचा. इथून मला फक्त माझे सासरे दिसतात. जिवंतपणी पुरे झालं होतं."

सांगायचं म्हणून गेले होते. तोंड उघडलं आणि विचारलं, सुपाला मीठ ठीक आहे का?

"मीठ ठीक आहे. लुबर्टचं काय झालं?"

"आयोवात आहे, बहिणीकडे."

"त्याच्या जोडातून केस जायचा नाही. माझ्या सासऱ्यांनी पत्रेवाले ठेवलेले, मला कळतं. डिसेंबरात वर येऊन जाळीपुढं हात धरून उभा होता. मी म्हटलं, काय रे, काय चुकलं? म्हणाला, ओपू, चुकलं असेल ते ज्याचं त्याला दिसेल, आपण घाई करू नये." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू का रडतेस? मी बरी आहे."

मी कांदा म्हटलं. सूप घरून शिजवून नेलं होतं.

सोमवार, ८ फेब्रुवारी

काल भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते तसंच बेरेंडकडे सरकवलं. मग पेलाही. आमच्या बाकावर इतकी शांतता झाली की मागच्या रांगेतल्या झ्वान्त्येंच्या पेपरमिंटच्या कागदाचा आवाज ऐकू आला. छत्तीस वर्षांत मी एकदाही ही भाकरी चुकवली नव्हती, बाळंतीण होते तेव्हा सोडून.

बेरेंडनी घेतलं. घेताना हात थोडा अडखळला.

मोटार दारात थांबल्यावर म्हणाले, "पंच येतील आता विचारायला."

"येऊ देत."

"फेना, काही गोष्टी आपोआप थंड होतात."

"ओपू झाल्या," मी म्हटलं. हे मी बोलायला नको होतं. ते पंधरा मिनिटं मोटारीतच बसून राहिले.

बुधवार, १० फेब्रुवारी

पंच आले. दोघं यायचा नियम आहे, त्यांतले एक हर्मानस. बैठकीची खोली उघडून शेगडी ठेवली. हर्मानसांनी कोट काढला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "फेनाताई, तुमचं मन कोणाविरुद्ध आहे का? माझ्याविरुद्ध असेल तर बोला. बिलाचे शेवटचे चाळीस मी थांबवले आहेत ते माहीत आहे मला, पण ते तत्त्वासाठी."

मी म्हटलं, "तुमच्या नळाचा आकडा मी काढला. सगळे आकडे मीच काढते. कोठीवरचा नळ तीस इंच रुंद हवा होता, मी वीस लिहिला. लुबर्टनं कागदाप्रमाणे कापला. तुमच्या आईची थंडी माझ्या पेन्सिलीची आहे."

हर्मानसांनी बेरेंडकडं पाहिलं. दुसरे पंच शेगडीकडं बघत राहिले.

"तुम्ही आकडे काढता?"

"मॅट्रिक आहे मी."

"मग तर चुकायला नको होतं," हर्मानस म्हणाले. मला ते बरोबरच वाटलं.

बेरेंडना जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. एक शब्द रागाचा नाही. फक्त म्हणाले, "दुकान माझं आहे, पंच. जबाबदारी माझी." माझ्या नवऱ्याचं मन एवढं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. ते इतके सहज ऐकत होते, जणू मी हवामान सांगत होते.

मग पंचांनी आपसांत हळू बोलून घेतलं. हर्मानस म्हणाले, "तुम्ही कबूल केलंत, पश्चात्ताप दिसतो. हे चार भिंतींत राहील. उगाच बेरेंडचं नाव गावाच्या तोंडी कशाला? लुबर्ट तर आता तिकडं स्थिरावला. पुढच्या प्रभुभोजनाला मोकळ्या मनानं या." प्रार्थना केली. कॉफी घेतली. हर्मानसांनी दोन केक खाल्ले आणि जाताना चाळीस डॉलर टेबलावर ठेवले.

सगळे सुटले. मला क्षमा मिळाली, बेरेंडचं नाव राहिलं, हर्मानसांना आता कोणाचा राग नाही. चार भिंतींच्या आत जो नव्हता तो एकटाच अजून नालायक पत्रेवाला आहे.

शेगडी विझवली. पुष्कळ वेळ त्या खोलीत उभी होते. क्षमा मिळाल्यावर माणसाला एवढी लाज वाटते, असं कोणी सांगितलं नव्हतं.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

दुपारी चर्चच्या तळघरात बायकांचं शिवणमंडळ. चौदा जणी, मिशनच्या दवाखान्यासाठी पट्ट्या गुंडाळत होत्या. लुबर्टच्या नावाची धुणी इथंच धुतली गेली होती, जानेवारीत, आणि मीही त्या दिवशी पट्टी गुंडाळत बसले होते. कोणी म्हणालं होतं, देवाचा धाक नसला की हात ढिले पडतात. मी मान हलवली होती.

आज शाळेच्या भट्टीचा विषय निघाला. झ्वान्त्ये म्हणाल्या, "या वेळी बेरेंडनी नीट माणूस घ्यावा म्हणजे झालं."

मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती, मांडीवरच्या पट्ट्या सगळ्या जमिनीवर घरंगळल्या. म्हटलं, "माणूस नीटच होता. आकडा माझा चुकला," आणि काल पंचांना सांगितलं ते सगळं सांगितलं, पान न उलटल्याचं, एका पत्र्यात बसल्याचं, आणि तीन आठवडे गप्प बसल्याचं.

मग पाळकांच्या पत्नींनी वाकून पट्ट्या गोळा करायला सुरुवात केली. झ्वान्त्ये म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घराची मापं एका बाईनं काढली?"

"आठ खोल्या गरम आहेत ना?" मी म्हटलं. हे बोलण्यात गर्व होता, त्याची वेगळी क्षमा मागायला हवी.

"आणि नववीसाठी काय करणार?"

"तुमचं कपाट तोडायचं."

शेजारीण एकदम हसली आणि खोकला आल्यासारखं केलं.

घरी येऊन बेरेंडना सांगितलं की सगळ्यांना सांगून आले. ते पत्रा कापत होते. कात्री थांबली. "सगळ्यांना?" मी हो म्हटलं. ते स्टुलावर बसले, हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग म्हणाले, "लुबर्टला कोण लिहिणार? मी लिहायला हवं. पण माझ्यानं होणार नाही, फेना." त्यांचे डोळे भरले. लिहिण्याची त्यांना पहिल्यापासूनच अडचण, अक्षर वाईट आहे. मी म्हटलं, मी लिहीन.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

पत्र आज सकाळी टपालात टाकलं. तीनदा खरडलं, ही शेवटची नक्कल.

लुबर्ट नूर्डहोफ यांस,

आम्ही खुशाल आहोत. ओपूंचा ताप गेला, धाप आहे, त्या अजून खालीच निजतात.

डेकिंगांच्या कोठीवरचा नळ वीस इंच रुंद मी ठरवला. तक्त्यात तीस होता. मी तक्ता पाहिला नाही. तुम्ही विचारलं होतं आणि मी तुम्हाला उत्तर न देता माझी परीक्षा सांगितली. तुमच्या जोडांत काही दोष नव्हता. हे मला २० जानेवारीला कळलं आणि मी १० फेब्रुवारीपर्यंत कोणा माणसाजवळ बोलले नाही. त्याआधीचे दिवस अज्ञानाचे होते. हे तीन आठवडे नव्हते, आणि ते मी तुमच्या नावावर काढले.

आता पंचांना सांगितलं आहे आणि शिवणमंडळात चौदा जणींना. झ्वान्त्येबाईंमुळे काल संध्याकाळपर्यंत दूधवाल्यालाही कळलं होतं, म्हणजे तुम्हाला गावात कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

वीसचा नळ कपाटावरून सरकवून बसला होता, तीस इंची त्या फटीत वळत नाही, म्हणून कपाट तोडावं लागेल. हर्मानस हो म्हणाले, त्यांच्या पत्नी अजून म्हणाल्या नाहीत. बेरेंडचा खांदा दुखतो, एकट्यानं नळ छताशी धरवत नाही, आणि दुसऱ्या कोणाला बोलवायला ते तयार नाहीत. तुमच्या घरमालकिणीला मी विचारलं, खोली रिकामी आहे. ती म्हणते इतकं कमी बोलणारा भाडेकरू तिला पुन्हा मिळणार नाही. आठवड्याचा पगार पूर्वीचाच, आणि गेलेल्या आठवड्यांचा बेरेंड देणार आहेत.

आकडे पुढंही मीच काढीन, कारण दुसऱ्या कोणाला येत नाहीत. पण पत्रा कापायच्या आधी कागद तुम्ही पाहायचा, आणि खटकलं तर मी काहीही म्हटलं तरी कात्री उचलायची नाही.

मला क्षमा केली असं लिहू नका. ते तुम्ही चांगुलपणानं लिहाल आणि मी लगेच खरं मानीन. येता की नाही, आणि येत असाल तर कोणत्या वारी, एवढंच लिहा. येणार नसाल तर तेही स्पष्ट लिहा. दोन्हींपैकी काहीही असो, उलट टपाली कळवावं.

फेना हुकझेमा